पागोळीची रेघ

जुन्या नाशकात भर उन्हाळ्यातही पावसाची खूण सापडते. तांबट आळी, तिवंधा, सराफ बाजाराच्या मागचे बोळ इथे ज्या थोड्या जागी काळ्या दगडाची फरशी अजून उरली आहे, तिथे वाड्याच्या जोत्यापासून हात-दीड हात सोडून खाली बघायचं. दगडावर बारीक खळग्यांची एक रांग दिसते. कुठे वाटाण्याएवढे, कुठे सुपारीएवढे, जोत्याला समांतर. पागोळ्यांनी पाडलेले. मग त्या रांगेवरून नजर सरळ वर न्यायची. कौलांची शेवटची ओळ नेमकी रेघेवर आली असेल तर घराचा काठ शाबूत आहे. रेघ एकीकडे आणि कौल दुसरीकडे असेल, तर वर काहीतरी खचलंय, सरकलंय किंवा कुणीतरी छाटलंय.

ही युक्ती मला आमच्या वाड्यात कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारांनी शिकवली. ते घरात शिरायच्या आधी गल्लीत उभे राहायचे. मान वर करून पाच मिनिटं वळचण बघायची, मग आत येऊन चहा. आजोबांना या दिरंगाईचा राग यायचा. घरातलं गळकं ठिकाण दाखवायची त्यांना घाई असे, आणि सुतारकाकांचं म्हणणं असं की गळतं एकीकडे आणि मुरतं भलतीकडेच.

वळचण हा शब्द आता बहुतेकांना वाक्प्रचारापुरताच माहीत आहे. कुणी कुणाच्या वळचणीला गेला, हे आपण राजकारणाच्या बातमीत वाचतो. खरी वळचण कुठली ते सांगायचं तर छपरापासून सुरुवात करायला हवी. छपराचा प्रत्येक उतार म्हणजे पाखं. माथ्यावरचं आडवं लाकूड म्हणजे आढं. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत येणारे ते वासे. हे वासे भिंतीवर येऊन थांबत नाहीत, भिंत ओलांडून हात-दीड हात बाहेर डोकावतात. त्या डोकावण्याखालची जागा ती वळचण. वाशांच्या टोकांवर पुढून एक उभी फळी मारलेली असते. साधी असली तर नुसती पट्टी, कातरकाम केलेली असली तर झालर. वळचणीचं पोट खालून फळ्यांनी बंद केलं असेल तर ती तक्तपोशी. काठावरून गळतात त्या पागोळ्या, त्यांना अडवून एका बाजूला नेते ती पन्हळ. आजचे वास्तुविशारद यातल्या पोटाला सॉफिट आणि पट्टीला फॅशिया म्हणतात. नाव कुठलंही घ्या, घरातली सर्वांत दुर्लक्षित अशी ही वीतभर जागा आहे, आणि माझ्या मते जुन्या नाशकातले बरेचसे वाडे मेले ते या वीतभर जागेतून.

नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीला तीन हजारांच्या वर पडतो, त्यामुळे नाशिककर स्वतःला कमी पावसाचे समजतात. हिशेब करून बघू. तीस फूट लांब आणि आडव्या मापानं पंधरा फूट रुंद पाखं म्हणजे साधारण बेचाळीस चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एका मोसमात या एका पाख्यावरून जवळपास २९ हजार लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे तीन टँकर. हे सगळं पाणी तीस फुटांच्या एका काठावरून उडी मारतं. ती उडी भिंतीपासून लांब पडली तर घर शंभर वर्षं उभं राहतं. भिंतीला चाटून पडली तर दहा-पंधरा पावसाळेही पुरे होतात.

कारण भिंत कशाची आहे ते बघा. वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं, त्यावर विटांचं काम, आणि खूप ठिकाणी वरची किंवा आतली भिंत पांढऱ्या मातीची. बांधणाऱ्यांनी ही वाटणी पाण्याच्या हिशेबानं केली होती. पागोळीचं पाणी फरशीवर आपटून उडतं ते फार तर दोन हात वर येतं; तिथपर्यंत दगड. वरून येणारं पाणी वळचणीनं बाहेर फेकलेलं. तिथे माती चालते. वळचण गेली की ही सगळी मांडणी उलटी होते. मातीची भिंत वरून भिजायला लागते, आणि पाण्यात विरघळणं हा मातीचा धर्मच आहे.

लाकडाचं तर त्याहून सोपं. वासा आडवा भिजला तर त्याला फारसं काही होत नाही, पण त्याचं तोंड भिजलं तर तो पाणी पितो. झाडाच्या खोडात मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडतात. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूडसुद्धा टोकाकडून पाणी ओढून घेणं विसरत नाही. लाकडातल्या ओलाव्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशीचं फावतं आणि लाकूड कुजायला लागतं. वाशाच्या तोंडावर मारलेली झालर हे त्या तोंडाचं झाकण आहे. कातरकाम नंतर आलं. झालरीच्या खालच्या पानांना, कळ्यांना टोकं असतात तीही नुसती शोभेची नाहीत. पाणी त्या टोकांवर गोळा होऊन तिथूनच सुटतं, मागे फिरून वळचणीच्या पोटाकडे जात नाही. सुंदर दिसणं आणि पाणी गाळणं ही दोन्ही कामं एकाच करवतीनं केलेली.

इथे थोडं आडवळण. पांडवलेणीला गेलात तर चैत्यगृहाचा दर्शनी भाग नीट बघा. कमानीच्या आत दगडात वासे कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्या माणसांना वाशांची काही गरज नव्हती, वर अख्खा डोंगर होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे घर म्हणजे लाकडाचं घर. म्हणून त्यांनी वासे कोरले, तुळयांची टोकं कोरली. लाकडाची ती मूळ घरं केव्हाच कुजून गेली. त्यांचं रूप कळतं ते या दगडी नकलेवरून. नाशकातला सर्वांत जुना शाबूत वासा असा बेसाल्टचा आहे.

माणसांच्या घरांना मात्र दर वर्षी शिडी लावावी लागे. त्या कामाचं नाव शाकारणी. आखाजी झाली की घरोघरी गडी यायचे. कौलं चाळायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा ठोकून बघायच्या, वाशांच्या टोकांना दाभण टोचायचं. दाभण टणकन अडलं तर वासा चांगला, मऊ शिरलं तर तेवढं टोक कापून तिरपा जोड द्यायचा. मग अळशीचं तेल. मृग लागायच्या आत घर तयार. मांजरांच्या मारामाऱ्या, माकडांची फेरी, संक्रांतीला कौलांवर चढून पतंग काढणारी पोरं, यांनी वर्षभरात जे काही हलवलेलं असायचं ते या आठवड्याभरात जागेवर यायचं. एवढ्या निमित्तानं घराच्या काठावर वर्षातून एकदा माणसाची नजर फिरायची, आणि खरी दुरुस्ती तीच होती.

ती नजर हळूहळू फिरायची थांबली. त्याचं एक कारण चांगलंच आहे. बासल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ती साच्यातली, एकमेकांत अडकणारी चपटी कौलं देशभर पसरली. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ती पक्की बसतात, सहज सरकत नाहीत. शाकारणी दर वर्षी करायची गरज उरली नाही. मग दोन वर्षांनी झाली, मग पाच, मग गळलं की. कौल सुधारलं, पण त्याखालचा वासा आणि पुढची पट्टी पूर्वीच्याच लाकडाची होती आणि त्यांचं दुखणं पूर्वीच्याच गतीनं वाढत होतं.

आमच्याकडे हे असंच झालं. आजोबा गेल्यावर वाडा चार चुलत्यांच्या नावावर आला. खोल्या वाटल्या गेल्या, माळा वाटला गेला, परसातली विहीरसुद्धा पाळीपाळीनं वाटली. वळचण कुणाच्या वाट्याला आली, हे कुणी लिहिलं नाही. धाकट्या काकांच्या खोलीवरची झालर लोंबायला लागली तेव्हा ते म्हणाले, छप्पर सामायिक आहे. थोरले काका म्हणाले, गळतंय ते तुझ्याकडे. चार वर्षं गेली. शेवटी सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढले आणि एका ठेकेदाराला काम दिलं. त्यानं दोन दिवसांत जुन्या झालरीवरून रंगीत पत्र्याची पट्टी ठोकली, तक्तपोशीखाली प्लॅस्टिकचे पट्टे बसवले, घर नव्यासारखं दिसायला लागलं. आम्ही खूश. तिसऱ्या पावसाळ्यात पट्टीसकट सहा वासे खाली आले. पत्र्याच्या आत सागवानाचा नुसता भुगा होता. बाहेरून पाणी आत जाणं पत्र्यानं थांबवलं नव्हतं, आत गेलेलं पाणी वाळणं तेवढं थांबवलं होतं. त्या वेळी गल्लीतून कुणी जात नव्हतं हे आमचं नशीब.

त्या ठेकेदाराला दोष देऊन मी बराच काळ समाधान मानलं. पण कुजकं लाकूड झाका, असं आम्हीच त्याला सांगितलं होतं. काढा असं सांगितलं असतं तर खर्च तिप्पट झाला असता आणि चार भावांचं एकमत झालं नसतं.

भाडेकरू असलेल्या वाड्यांची कथा आणखी अवघड. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम १४ सांगतं की जागा नीट दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्यानं ते केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वाचायला छान वाटतं. पण पुढे अट आहे: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. आता महिना पन्नास रुपये भाड्याची खोली घ्या. वर्षाचे सहाशे, त्याचा पाव हिस्सा दीडशे. सुताराची एका दिवसाची मजुरी त्याच्या कित्येक पट आहे. मालक म्हणतो, पन्नास रुपये भाड्यात मी वासे कुठून बदलू? भाडेकरू म्हणतो, परक्याच्या घराला मी सागवान का लावू? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि झालर दोघांच्या मध्ये लोंबत राहते. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे आधी वासे फिरतात, मग घर.

त्यानंतर महापालिका येते. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ त्यासाठीच आहे. पडायला आलेलं बांधकाम उतरवा, दुरुस्त करा किंवा रिकामं करा. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठली तरी भिंत कोसळल्याची बातमी येते, कधीकधी माणसंही जातात, म्हणून नोटीस काढणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण या नोटिशीचा मुहूर्त घराच्या शेवटच्या घटकेला येतो. वाशाचं टोक मऊ झालं तेव्हाची नोटीस कुठल्याच कायद्यात नाही. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं हे अख्खं गाव मोजतं. १९ सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ हे दिवस नाशिककरांच्या तोंडपाठ आहेत. पागोळीच्या पाण्याला असा मारुती नाही.

खरं तर कायद्याला पागोळी अनोळखी नाही. रोमन लोकांच्या कायद्यात शेजाऱ्याच्या जागेत पागोळ्या पाडण्याच्या हक्काला स्टिलिसिडियम असं वेगळं नावच होतं. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि हक्कानं चाललेली अशी वहिवाट हक्क ठरू शकते. म्हणून जुन्या खरेदीखतांत चतुःसीमेबरोबर पागोळीच्या जागेचाही उल्लेख भेटतो, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. पाणी कुणाच्या अंगणात पडावं यावर भांडणारे लोक ते नीट पडावं यासाठी एक वासा बदलत नाहीत, हा आपला स्वभाव.

चांगलं काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापाशी उभं राहा. पेशवेकालीन वाडा, काळ्या दगडाचा, आता राज्य संरक्षित स्मारक. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय पुढे कित्येक वर्षं याच वाड्यात होतं. सरकारी स्मारकाचं भाग्य प्रत्येक घराला मिळणार नाही हे उघड आहे, पण तिथे पुढे आलेल्या छपराची सावली भिंतीवर कुठवर पडते तेवढं पाहून या. भरपावसात भिंतीचा कोरडा राहणारा भाग साधारण तेवढाच.

वळचण घराची असली तरी तिचा उपयोग घराबाहेरच्यांना जास्त. आठ-दहा फुटांच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या वळचणी पुढे आल्या की मध्ये आभाळाची चिंचोळी पट्टी उरते; छत्री नसलेला माणूस भिंतीकडेनं चालत जवळजवळ कोरडा घरी पोहोचतो. भाजीवाली तिथे टोपली टेकते, कुत्रं अंग झटकतं. आणि चिमण्या. वासा, भिंत आणि तक्तपोशी यांच्या सांध्यात जी मूठभर फट राहते ती चिमणीच्या घरट्यासाठीच ठेवल्यासारखी असते. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो, तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी नाशिकचे. चिमण्या कमी होण्याची कारणं अनेक आहेत, पण घरांचे काठ सपाट झाले हे त्यातलं एक आहेच. सपाट काचेला वळचण नसते. आमच्या पत्र्याच्या पट्टीनंही ती फट बंद केली होती. तीन वर्षं ओट्यावर काड्या पडल्या नाहीत आणि आजीला त्याची चुटपुट लागली.

गंगापूर रोडला, इंदिरानगरला स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी हे सगळं दुसऱ्याचं समजू नये. खिडकीवरचा छज्जा आणि गच्चीचा पुढे आलेला काठ ही तुमची वळचण. छज्ज्याच्या पोटाला, कडेपासून दोन बोटं आत, एक लांबट खाच असायला हवी. पाणी तिथवर येऊन गळून पडतं. गवंडी आळस करतो आणि ती खाच राहून जाते, मग पाणी पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकतं. आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो आतून ढकलतो, गिलावा फुगतो आणि एक दिवस कुणाच्या तरी स्कूटरवर खपली पडते. त्यावर पुट्टी आणि रंग मारणं हे आमच्या पत्र्याच्या पट्टीचंच शहरी रूप. सैल झालेलं काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच भरायचं.

लाकडाच्या काठाला काय लागतं ते सुतारकाकांच्या हिशेबानं सांगतो. कौलाची शेवटची ओळ पट्टीच्या पुढे दोन बोटं आलेली हवी. पट्टीची खालची कड वळचणीच्या पोटापेक्षा अर्धा इंच खाली उतरलेली हवी. तक्तपोशीच्या फळ्यांत वारा खेळायला फट हवी, ती लांबीनं भरून टाकायची नाही. पन्हळीला दहा फुटांमागे इंचभर तरी उतार हवा आणि पानं काढायला हात पोहोचायला हवा. पिंपळाचं रोप दोन पानांचं असताना उपटायचं. बोटाएवढं झालं की ते उपटताना भिंत घेऊन येतं. जाड ऑइलपेंटचे थरावर थर देण्यापेक्षा तेल बरं, तेलातून लाकूड श्वास घेतं असं ते म्हणत. शास्त्राच्या भाषेत आतली ओल बाहेर पडू शकते. तेलानं भिजलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीच्या तेलाची चिंधी आपोआप पेटू शकते. आणि डिशचा खांब, फ्लेक्सची चौकट, एसीची नळी यांच्यासाठी झालरीला भोकं पाडू देऊ नका. प्रत्येक भोक म्हणजे वाशाला आणखी एक तोंड.

आमच्या वाड्याचे सहा वासे नव्या सागवानाचे घातले. झालर पूर्वीसारखी कातरणारा माणूस मिळाला नाही, साधी पट्टी लावली. चौघांच्या सह्यांचा एक कागद केला आहे: वळचण सामायिक, दर मे महिन्यात शिडी, खर्च चार हिस्से. चिमण्या दुसऱ्या वर्षी परत आल्या.

दिवाळीत तुम्ही वळचणीला किंवा छज्ज्याला आकाशकंदील टांगला असेल. तुळशीचं लग्न झाल्यावर तो उतरवायला शिडी लावाल, तेव्हा ती लगेच काढू नका. दोन मिनिटं वर थांबा, खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवा, आणि कंदिलाच्या खिळ्याशेजारचं लाकूड टोचून बघा.